स्वतःला आधी टोचून घेणारे हाफकिनसाहेब

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत काही लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पाककृती लिहावी तर ती दरवर्षी तिघीचौघी लिहितातच. पण याच वर्षी आमच्या मुकुंदवाडीतल्या गल्लीत एक लहानशी गोष्ट घडली आणि तिच्यामुळे मला एका थोर माणसाचे चरित्र शोधून वाचावे लागले. तेच माझ्या साध्या भाषेत भगिनींपुढे ठेवते.

शेजारच्या सुनेच्या बाळाला दीड महिन्याची लस टोचली. रात्री बाळाचे अंग तापले, मांडी सुजली, बाळ रात्रभर रडले. सकाळी सासूसुनेने ठरवून टाकले की आता पुढची लस द्यायची नाही. चांगल्या जिवाला मुद्दाम ताप कशाला आणायचा, असा त्यांचा प्रश्न. सून माझ्याकडे आली. मी तीन लेकरे वाढविली, तिघांनाही सगळ्या लशी दिल्या, पण ताप का येतो हे मला तरी कुठे ठाऊक होते? द्यावी गं बाई, एवढेच मी म्हणू शकले. तेवढ्याने तिचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही.

माझी धाकटी मुलगी विज्ञान शिकते. तिला विचारले. तिने दोन-तीन पुस्तके आणून दिली आणि त्यांत हाफकिन हे नाव निघाले. हे नाव मी पूर्वी पाहिले होते. मंडळाच्या आम्ही काही जणी पोलिओच्या रविवारी केंद्रावर मदतीला उभ्या राहायचो, तेव्हा डोसाच्या इवल्या बाटलीवर ते छापलेले असे. मला वाटे, कंपनीचे नाव असेल. तो हाडामासाचा माणूस होता हे आता कळले.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी झाला. हे गाव तेव्हा रशियाच्या झारच्या राज्यात होते, आज ते युक्रेन देशात आहे. घराणे ज्यू. त्या काळी तिथे ज्यू लोकांवर फार जुलूम होई. दंगली होत, घरे लुटली जात. तरुण हाफकिन आपल्या वस्तीच्या रक्षणासाठी उभे राहिले आणि त्यापायी त्यांना अटकही झाली. ते सुटले ते त्यांच्या गुरूंनी रदबदली केल्यामुळे. हे गुरू म्हणजे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक मेचनिकॉव्ह. शिक्षण पुरे झाल्यावर हाफकिनना विद्यापीठात पुढे जायचे तर धर्म बदलावा लागणार होता. त्यांनी तो बदलला नाही. ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात साधीशी नोकरी करीत काही वर्षे काढली, आणि १८८८ साली देश सोडला.

या गुरूंविषयी थोडे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण बाळाच्या तापाचे अर्धे उत्तर त्यांच्यापाशी आहे. १८८२ साली मेचनिकॉव्ह इटलीत सिसिली बेटावर समुद्रकाठी राहत होते. तारामाशाची पिल्ले काचेसारखी आरपार दिसतात. त्यांनी त्या इवल्या पिल्लांच्या अंगात गुलाबाचे काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगातून पाहिले. काट्याभोवती हलत्या पेशींचा गराडा पडला होता. बाहेरचे काही अंगात शिरले की या पेशी धावून जातात आणि त्याला गिळू पाहतात, हे त्यांनी ताडले. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींतही अशा गिळणाऱ्या पेशी आहेत. आपल्या बोटात काटा मोडला की ती जागा लाल होते, ठणकते, पू धरते. तो पू म्हणजे पुष्कळ अंशी लढून मेलेल्या याच पेशी. मी आजवर पू म्हणजे नुसती घाण समजत होते.

ही झाली जन्मजात प्रतिकारशक्ती. ती प्रत्येक बाळ जन्मतःच घेऊन येते. अंगाची कातडी, डोळ्यांतले पाणी, नाकातला शेंबूड, पोटातले आम्ल, या गिळणाऱ्या पेशी आणि ताप, हे सगळे तिच्यातच आले. दारातल्या कुत्र्यासारखे तिचे काम. परका दिसला की भुंकायचे, अंगावर जायचे. लगेच जायचे, हा तिचा मोठा गुण. पण चोर कोण, पाहुणा कोण, मागच्या वर्षी कोण येऊन गेला, याचा हिशेब ती फारसा ठेवीत नाही.

तो हिशेब ठेवणारी दुसरी शक्ती निराळी आहे, ती कमवावी लागते. गिळणाऱ्या पेशींपैकी काही जणी शत्रूचा तुकडा घेऊन जवळच्या गाठीत जातात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते ना, तीच ही गाठ. गाठीत असंख्य पेशी असतात आणि प्रत्येकीची ठेवण वेगळी. जिची ठेवण त्या तुकड्याशी किल्लीकुलपासारखी जुळते तिची वाढ सुरू होते. एकीच्या दोन, दोनाच्या चार. काही जणी रक्तात प्रतिपिंडे सोडतात, ती त्याच एका जंतूला चिकटतात. काही जणी रोगाने धरलेल्या आपल्याच पेशी शोधून मारतात. या कामाला पहिल्या खेपेस आठवडाभर किंवा जास्तही लागतो. पण काम सरल्यावर थोड्या पेशी मागे उरतात आणि वर्षानुवर्षे ओळख धरून ठेवतात. तोच शत्रू पुन्हा आला तर फौज थोड्याच दिवसांत आणि जास्त जोराने उभी राहते. गोवर एकदा आला की बहुधा पुन्हा येत नाही, ते यामुळे.

त्या काळी विद्वानांत मोठा वाद होता. मेचनिकॉव्हच्या बाजूचे म्हणत की पेशी लढतात. जर्मनीकडचे म्हणत की रक्तातल्या पाण्यात गुण आहे. दोन्ही खरे निघाले. १९०८ सालचे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि जर्मनीचे एरलिख या दोघांना मिळून दिले गेले.

आता पुन्हा हाफकिनसाहेबांकडे येऊ. जिनिव्हात थोडे दिवस काढून ते १८८९ साली पॅरिसला पाश्चरसाहेबांच्या संस्थेत पोचले. गुरू तिथे आधीच गेले होते. जागा रिकामी होती ती ग्रंथपालाची. त्यांनी तीच धरली, पुस्तके सांभाळता सांभाळता प्रयोग सुरू केले आणि पटकीवर लस तयार केली. पटकीला आपल्याकडे मरीआईचा कोप म्हणत, तीच. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, टोचले तिथे दुखले. सहा दिवसांनी त्यांनी दुसरी, जास्त कडक मात्रा घेतली. पहिली ओळख करून देण्यासाठी आणि दुसरी ती पक्की करण्यासाठी. आपल्या लेकरांना एकाच लशीचे दोन-तीन डोस देतात, त्याच्यामागे हेच आहे.

तरी लोकांना ते पटेना. हाफकिनसाहेब डॉक्टर नव्हतेच, प्राणिशास्त्र शिकलेले. पटकीच्या देशात जाऊन दाखवावे म्हणून ते १८९३ साली कलकत्त्याला उतरले आणि उत्तर हिंदुस्थानात हिंडले. पुढच्या वर्षी कलकत्त्याच्या काट्टाल बागान वस्तीत पटकी उठली. सुई पाहून लोक बिचकले. तेव्हा साहेबांनी आणि त्यांच्याबरोबरच्या बंगाली डॉक्टरांनी सर्वांसमक्ष स्वतःला टोचून घेतले. वस्ती सुमारे २०० माणसांची, त्यांतल्या ११६ जणांनी टोचून घेतले. त्यानंतर जे आजारी पडले ते न टोचलेल्यांतले होते. या दगदगीत साहेबांना स्वतःला हिवतापाने धरले आणि १८९५ साली प्रकृतीसाठी विलायतेस जावे लागले. ते पुन्हा आले, आणि त्यानंतर मुंबईत दुसरेच संकट उभे राहिले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. उंदीर पटापट मरू लागले आणि मागोमाग माणसे. निम्मे शहर गावोगाव पळाले. पुढे पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात सोल्जर घरात शिरून झडत्या घेऊ लागले. त्याने लोक इतके चिडले आणि भ्याले की सरकारी औषधाचे नाव काढले तरी दारे लावून घेत. त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या आणि रोग त्यांनाच जडला. मुंबईतली लस तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती.

ती तयार झाली ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका अरुंद जागेत, एक कारकून आणि तीन शिपाई यांच्या मदतीने. मांसाच्या रसात जंतू वाढवायचे आणि वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, अशी साहेबांची रीत. त्या तुपाच्या थेंबांखाली जंतूंचे धागे वाढून लोंबत. मुंबईच्या त्या प्रयोगशाळेत आपले घरचे तूप कामास आले हे वाचून मला मोठी गंमत वाटली. मग तो रस तापवून जंतू मारायचे आणि वर कार्बोलिक आम्ल घालायचे. म्हणजे लशीत जिवंत जंतू नाही, नुसते त्याचे प्रेत. शरीराला ओळख पटवायला प्रेतही पुरते.

प्लेगला अशी आगाऊ ओळख का हवी, तेही पाहण्यासारखे आहे. पिसू चावली की प्लेगचे जंतू कातडीखाली शिरतात. गिळणाऱ्या पेशी त्यांना गिळतात, पण हे जंतू गिळल्यावरही सगळे मरत नाहीत. काही त्या पेशीतच दडून राहतात आणि जांघेतल्या किंवा काखेतल्या गाठीत पोचतात. जिथे शिपाई तयार व्हायचे त्याच जागी शत्रू मुक्काम ठोकतो. गाठीचा रोग हे नाव त्यावरून पडले. शरीराला फौज उभी करायला आठवडा हवा आणि हा रोग पुष्कळदा तेवढे दिवस देत नसे. धट्टीकट्टी माणसे चार-पाच दिवसांत जात, ती याच कारणाने. खाणेपिणे चांगले असावे हे खरेच. कोरोनाच्या दिवसांत मीही काढ्याची पातेली उकळली. पण अंगात बळ असणे निराळे आणि अंगाला शत्रूची ओळख असणे निराळे.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनसाहेबांनी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली, तीही पुढे इतरांना देणार होते त्याच्या तिपटीहून मोठी मात्रा. ताप आणि दुखणे सोसले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा आपखुशीने पुढे आलेल्या निम्म्याअधिक कैद्यांना नव्हे, पण जवळजवळ निम्म्यांना टोचले. काहींना टोचण्याच्या वेळीच रोग लागलेला होता, ते दगावले. एका दिवसात लस काय करणार? त्यानंतर मात्र न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ गेले. टोचलेल्यांत दोघांना झाला आणि दोघेही वाचले. पुढे दमणला २,१९७ जणांनी लस घेतली, त्यांतले ३६ गेले. न घेतलेले ६,०३३ होते, त्यांतले १,४८२ गेले. लस घेऊनही ३६ माणसे गेली हे लपविण्यासारखे नाही. ढालीलाही कधी वार लागतो. पण दुसरा आकडा पहिल्याशेजारी ठेवून पाहा.

आता ज्या गोष्टीने माझी झोप गेली ती सांगते. फेब्रुवारी १८९८ मध्ये सयाजीराव महाराजांच्या बडोदे राज्यातील उंढेरा गावी प्लेग होता. तिथे हाफकिनसाहेबांनी घरोघर जाऊन प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचले आणि निम्म्यांना तसेच ठेवले. एकाच छपराखालची, एकाच चुलीवर जेवणारी माणसे, तेव्हा हवेचा, अन्नाचा फरक कोणी काढू नये म्हणून. पुढे ज्या २८ घरांत प्लेग शिरला त्यांत टोचलेली ७१ माणसे होती. त्यांपैकी ८ आजारी पडली, ३ गेली. न टोचलेली ६४ होती. त्यांपैकी २७ आजारी पडली आणि २६ गेली.

शास्त्राच्या दृष्टीने याहून चोख पुरावा नाही, असे मुलगी म्हणते. ते मला कळते. पण त्या २८ घरांतल्या आया मला दिसतात. एक लेकरू टोचलेले आणि एक न टोचलेले. कोणते टोचायचे हे कोणी ठरविले असेल? आज असे करू देत नाहीत, आणि ते बरेच आहे. हाफकिनसाहेब मला मोठे वाटतात, पण उंढेऱ्याच्या पानावर मी थांबते. त्या २६ जणांची नावे कुठल्या पुस्तकात मला दिसली नाहीत. आपण आज पुराव्याची लस घेतो तो पुरावा त्यांच्या जिवावर उभा आहे.

लस नावारूपास आली. आगाखान तेव्हा विशीचेच होते. त्यांनी सर्वांसमोर टोचून घेतले, आपल्या खोजा समाजातील हजारोंना घ्यायला लावले आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला. १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नर-बंगल्यात मोठी प्रयोगशाळा थाटली. तिथून लशीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या.

आणि मग घात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. (हे गाव आता पाकिस्तानात आहे.) त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि १९ही गेले. सर्वांना एकाच बाटलीतली लस दिलेली होती. ठपका हाफकिनसाहेबांच्या प्रयोगशाळेवर आला. त्यांनी लस करण्याची रीत थोडी बदलली होती, तेवढेच निमित्त पुरले. त्यांना पदावरून दूर केले आणि १९०४ साली ते हिंदुस्थान सोडून गेले.

खरा प्रकार असा होता. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा मातीत पडला. तो नीट निर्जंतुक न करता त्यानेच बूच ओढले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतातच. साहेब तेव्हा शेकडो मैल दूर मुंबईत. ही हकिगत चौकशीच्या कागदांत आधीपासून होती, तरी निर्दोष ठरायला त्यांना १९०७ साल उजाडले. हिवतापाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस आणि दुसरे नामांकित शास्त्रज्ञ यांनी लंडनच्या वर्तमानपत्रात उघडपणे त्यांची बाजू मांडली, तेव्हा कुठे सरकार हलले. एका चिमट्यापायी १९ जीव गेले आणि एका माणसाची उमेदीची वर्षे गेली.

धनुर्वाताविषयी एक गोष्ट इथेच सांगते, ती आपल्या बायकांच्या उपयोगाची आहे. या रोगाचे विष इतके जहाल की जीव घ्यायला त्याचा कणभर अंश पुरतो, आणि तेवढ्या कणाने शरीराला ओळख पटत नाही. म्हणून धनुर्वात होऊन कोणी वाचला तरी त्याला पुन्हा होऊ शकतो. ओळख पटवायला लसच लागते. गरोदरपणी आपल्याला ती देतात, कारण आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि पहिले काही महिने त्याला राखतात. आईची ही उसनवारी सरत आली की बाळाने स्वतःचे कमवायला हवे. दीड महिन्यापासून टोचायला सुरुवात करतात ती याकरिता.

आणि तो ताप? लस टोचल्यावर प्रथम जन्मजात शक्तीच जागी होते. ती इशारे धाडते, त्यांनी अंग तापते, मांडी सुजते. त्या धावपळीतच गाठीतल्या पेशींना वर्दी जाते आणि त्यांचा अभ्यास सुरू होतो. बहुतेक लेकरांचा हा ताप दोन दिवसांत उतरतो. तो चढतच राहिला, बाळ मलूल झाले किंवा दूध पिईना, तर डॉक्टरांना दाखवावेच. ताप आला नाही म्हणून लस लागली नाही असेही नाही.

हाफकिनसाहेब पुन्हा हिंदुस्थानात आले, पण मुंबईची जागा भरली होती. त्यांना कलकत्त्यास नेमले. १९१४ साली ते निवृत्त झाले. लग्न केले नव्हते. शेवटची वर्षे ते स्वित्झर्लंडात लोझान गावी राहिले. आपली पुंजी त्यांनी ज्यू मुलांच्या धर्मशिक्षणाच्या शाळांसाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी ते तिथेच वारले. त्याआधी पाच वर्षे, १९२५ साली, परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था हे नाव मिळाले होते. १९६४ साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

प्लेग अगदीच जुनी गोष्ट आहे असे मात्र समजू नये. माझे माहेर बीड जिल्ह्यातले. १९९४ साली आमच्याच जिल्ह्यात मामला गावी प्लेग निघाला तेव्हा मी शाळकरी पोर होते. आदल्या वर्षीच्या भूकंपानंतर लोक पडक्या घरांत राहत नव्हते, पण धान्य तिथेच साठविले होते, त्यावर उंदीर माजले. मेलेला उंदीर दिसला की आम्हाला घरात कोंडीत. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या मी तेव्हा प्रथम पाहिल्या. आज प्लेगवर अशी औषधे आहेत, वेळेवर घेतली तर माणूस वाचतो, म्हणून हाफकिनसाहेबांची ती लस आता सरसकट टोचीत नाहीत.

शेजारच्या सुनेला मी हे सगळे दोन दुपारी बसून सांगितले. उंढेऱ्याचेही सांगितले, मुल्कोवालचेही सांगितले. चांगले तेवढेच सांगावे असे माझ्या मनाला पटले नाही. सासूबाई दळण निवडता निवडता ऐकत होत्या. सुई नवी असते का, आपल्या समोर फोडतात का, एवढेच त्यांनी विचारले. फोडतात, मी पाहिले आहे, असे मी सांगितले. अडीच महिन्यांची लस आठ दिवस उशिरा का होईना, पण झाली. त्या दिवशी बाळाला मांडीवर मीच धरले होते. रात्री थोडे अंग तापले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उतरले.